पट्टी केवढी हवी?

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कॅनडातून निरोप आला. सध्या तो तिथे ओंटारिओत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागे स्वतःच्या हाताने गॅरेज बांधतो आहे. निरोप असा होता : “सर, फळी १८४ मिलिमीटर रुंद. करवतीची पट्टी २५० मिलिमीटरची. तरी काप दहा मिलिमीटर आधीच थांबतो. वरून बघितलं तर फळी पूर्ण कापलेली दिसते, उलटी केली की खाली जोडलेलीच असते. खोट करवतीत आहे की माझ्यात?” सोबत एक छायाचित्र होते. फळीच्या खालच्या कोपऱ्यात लाकडाचा एक तुकडा शिल्लक होता, आणि त्याची आतली कड सरळ नव्हती, चंद्रकोरीसारखी वळलेली होती.

मी त्याला नववी-दहावीत भूमिती शिकवली होती. त्यामुळे खोट कोणाची, हा प्रश्न मला जरा लागला.

आधी त्याच्या हातातले सामान समजून घेऊ. आपल्याकडे घर म्हणजे विटा, दगड, सिमेंट. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र बहुतेक राहती घरे लाकडी सांगाड्याची असतात. ठरावीक मापाच्या फळ्या उभ्या करून भिंतीचा सांगाडा करायचा, वर वासे टाकायचे आणि बाहेरून प्लायवुडसारखे तक्ते ठोकायचे. या फळ्यांची नावे टू-बाय-फोर, टू-बाय-सिक्स, टू-बाय-एट अशी आहेत. नावावर जाऊ नका. टू-बाय-फोर ही दोन इंच जाड आणि चार इंच रुंद नसते. ती दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. ओल्या, खरबरीत फळीचे नाव वाळवून आणि रंधून झाल्यावरही तसेच राहिले आहे. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सगळ्यांची जाडी ३८, आणि रुंदी अनुक्रमे ८९, १४०, १८४. टू-बाय-टेनची २३५ आणि टू-बाय-ट्वेल्व्हची २८६. कॅनडाने मेट्रिक पद्धत स्वीकारून दशके लोटली, तरी लाकडाच्या वखारीत अजून इंचच बोलले जातात.

या फळ्या कापायला विजेवर चालणारी गोल पात्याची करवत वापरतात. ती हातात धरून फळीवरून पुढे ढकलायची. नुसती ढकलली तर ती थोडी डावीउजवीकडे जातेच. म्हणून तिच्याखाली ॲल्युमिनियमची एक सरळ पट्टी ठेवतात, तिला गाइड रेल म्हणतात. पट्टीवर उंचवट्याची एक रेघ असते, करवतीच्या बैठकीला तशीच खाच असते, आणि करवत त्या रेघेवरून आगगाडीसारखी जाते. अशा पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात. एक साधी लांब पट्टी, कशावरही ठेवा आणि कापा. दुसरी खास आडवा छेद घेण्यासाठीची आखूड पट्टी. ती करवतीलाच जोडलेली असते, तिच्या खाली फळीच्या कडेला टेकणारे अडसर असतात आणि हवा तो कोन लावून ती पक्की करता येते. फेस्टूल या जर्मन कंपनीच्या अशा आखूड पट्ट्या २५०, ४२० आणि ६७० या आकड्यांनी विकल्या जातात. त्याने सर्वांत हलकी, २५० ची घेतली होती. विचार सरळ होता : फळी १८४, पट्टी २५०, म्हणजे ६६ मिलिमीटर जास्तीच.

आता त्याच्या छपराकडे वळू. तिथे छपराचा उतार अंशांत सांगत नाहीत. आडवे बारा इंच गेल्यावर छप्पर किती इंच चढते, ते सांगतात. बारास चार म्हणजे बेताचा उतार, बारास बारा म्हणजे तीव्र. बर्फ घसरून जावा आणि वर माळा निघावा म्हणून याने बारास बारा निवडला होता. बारा आडवे, बारा उभे, म्हणजे उतार बरोबर ४५ अंश. वासा आढ्याला जिथे टेकतो तिथे त्याचे टोक ओळंब्यात उभे कापावे लागते. म्हणजे वाशाच्या रुंदीला सरळ आडवा छेद नको, तर त्या आडव्या रेषेपासून ४५ अंश कललेला छेद हवा.

इथेच ते दहा मिलिमीटर लपलेले आहेत. फळीची रुंदी ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू आणि काप हा कर्ण. कापाची लांबी म्हणजे रुंदी भागिले कलण्याच्या कोनाची कोज्या. ४५ अंशांची कोज्या ०.७०७, १८४ ला तिने भागले की २६० येतात. पट्टीचा काप २५०. दहा उरले.

मी त्याला एवढेच कळवले, “अरे, कर्ण काढ.” तासाभराने उत्तर आले, “काढला सर. लाज वाटली.” लाज वाटण्याचे कारण नाही. वर्गात आपण काटकोन त्रिकोण नेहमी फळ्यावर नीट आखून, नाव देऊन, काटकोनाची खूण करून देतो. लाकडात तो असा आखून मिळत नाही. शिवाय एक घोटाळा आपणच शिकवतो त्या भाषेमुळे होतो. भूमितीत आपण आडवा छेद कडेशी ९० अंश करतो असे म्हणतो. करवतीच्या कोनमापकावर मात्र त्याच छेदाला शून्य लिहिलेले असते, कारण तिथे काटकोनापासून किती कलला ते मोजतात. त्यामुळे कोज्या वापरायची की ज्या, यात हुशार मुलेही चुकतात. ४५ अंशांना दोन्ही सारख्याच, म्हणून याची चूक तिथे लपली असती. ३० ला लपली नसती.

आता गंमत बघा. उतार बारास अकरा असता तर? बारा आणि अकरा या बाजूंचा कर्ण काढून बाराने भागा : १.३५६६. त्याला १८४ ने गुणा : २४९.६. अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतराने काप बसला असता! बारास दहाला तो २४० च्या आतच, आणि बारास आठला २२१. म्हणजे याच्या शेजाऱ्याने तीच करवत, तीच पट्टी आणि तीच फळी घेऊन जरा बेताच्या उताराचे छप्पर केले असते, तर त्याला कधी काही जाणवलेच नसते, आणि “माझं तर छान चालतं” असा सल्लाही त्याने दिला असता. हत्यारांबद्दलचे सल्ले बरेचदा असेच असतात.

प्रश्न उलटा केला तर तो जास्त उपयोगी पडतो. पट्टी ठरलेली आहे, फळी ठरलेली आहे. कुठल्या कोनापर्यंत चालेल? रुंदीला पट्टीच्या कापाने भागायचे, आलेली संख्या कोणत्या कोनाची कोज्या आहे ते कोष्टकात पाहायचे. २५० च्या पट्टीवर १४० ची फळी जवळजवळ ५६ अंशांपर्यंत कापता येते, १८४ ची साडेबेचाळीसपर्यंत, २३५ ची जेमतेम वीसपर्यंत, आणि २८६ ची शून्यालाही नाही. ४२० च्या पट्टीवर १८४ ची फळी चौसष्ट अंशांपर्यंत जाते. २८६ ची सत्तेचाळीसपर्यंत, म्हणजे ४५ चा नेहमीचा काप थोडक्यात बसतो. रुंदी थोडीशी वाढली की कोन किती झपाट्याने खाली येतो ते या आकड्यांत दिसते. कोन वाढवत नेला तरी तसेच. १५ अंशांना काप रुंदीच्या साडेतीन टक्केच वाढतो, ३० ला साडेपंधरा, ४५ ला एक्केचाळीस, आणि ६० ला तो थेट दुप्पट होतो. पहिल्या पंधरा अंशांत काहीच घडत नाही असे वाटते. शेवटच्या पंधरांत सगळे घडते. म्हणून पट्टी निवडताना नेहमी लागणारा कोन धरून चालत नाही. कामातला सर्वांत तिरका कोन आणि सर्वांत रुंद फळी एकत्र कुठे येतात ते पाहावे लागते.

हे वर्गात करून बघायला करवत लागत नाही, आणि कृपा करून आणूही नका. ९.२ सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा. ही निम्म्या मापाची फळी. कागदाची १२.५ सेंटिमीटर लांबीची दुसरी पट्टी घ्या. हा पट्टीचा काप. कागदी पट्टीचे एक टोक फळीच्या एका कडेवर टाचणीने धरा आणि ती हळूहळू फिरवा. दुसरे टोक समोरच्या कडेच्या आत यायला लागले की कोनमापकाने कोन मोजा. मुलांचे कोन ४१ ते ४४ च्या दरम्यान येतील. कोज्येचे कोष्टक त्यानंतर काढा, आधी नको.

आता छायाचित्रातली ती चंद्रकोर. वरून फळी कापलेली आणि खालून जोडलेली, हे कसे? पाते गोल आहे म्हणून. त्याच्या करवतीचे पाते १६० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे त्रिज्या ८०. फळी ३८ जाड, आणि पाते फळीच्या खाली ३ मिलिमीटर बाहेर येईल असे लावलेले. म्हणजे पात्याचे केंद्र फळीच्या खालच्या पृष्ठापासून ७७ वर आणि वरच्या पृष्ठापासून ३९ वर. आता वर्तुळाच्या दोन जीवा काढा. पायथागोरसने वरच्या जीवेची निम्मी लांबी सुमारे ७० येते, खालच्या जीवेची सुमारे २२. पात्याचे वरचे दात खालच्या दातांपेक्षा ४८ मिलिमीटर पुढे धावत असतात! करवत समोरच्या कडेजवळ येते तेव्हा वरचा काप संपलेला असतो आणि खाली अजून पाच सेंटिमीटर लाकूड असते. मधली कड पात्याच्या कमानीची, म्हणून ती चंद्रकोर. पुठ्ठ्याची ८ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापून तिच्यावर केंद्रापासून ३.९ आणि ७.७ सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर रेषा आखा, सगळे डोळ्यांनी दिसेल.

हे समजल्यावर त्याच्या डोक्यात लगेच एक युक्ती आली. “सर, पातं आणखी खाली सोडलं तर? तीनऐवजी चौदा मिलिमीटर बाहेर काढलं तर?” गणित करा : केंद्र आता खालच्या पृष्ठापासून ६६ वर. खालच्या जीवेची निम्मी लांबी ४५. बावीसऐवजी पंचेचाळीस, म्हणजे खालचे दात २३ मिलिमीटर पुढे पोचले. हवे होते दहाच. युक्ती गणिताने अगदी बरोबर आहे.

मी त्याला नको म्हणालो. या करवतींच्या माहितीपुस्तिकेत एक सूचना ठळक असते : पाते फळीच्या खाली एका दाताच्या उंचीहून कमीच बाहेर आले पाहिजे. पाते जितके जास्त खाली, तितके ते लाकडात जास्त लांबीवर गुंतलेले असते. कापताना फळीचे दोन भाग जरासे एकमेकांकडे झुकले, किंवा करवत किंचित तिरकी झाली, की चीर पात्याला चिमटते. पाते मिनिटाला हजारो फेरे घेत असते. ते लाकडाला कापू शकले नाही तर करवतच लाकडावरून मागे, धरणाऱ्याच्या दिशेने उसळते. आणि खाली बाहेर आलेल्या चौदा मिलिमीटर पात्याला फळीखालचा हात दिसत नाही. गॅरेजची लांबी २४ फूट, दर दोन फुटांवर वाशांची एक जोडी, म्हणजे १३ जोड्या, २६ वासे. प्रत्येकाला दोन्ही टोकांना ओळंब्याचा काप, एकूण ५२. एखाद्या वेळी निभावून जाणारी गोष्ट बावन्न वेळा करायची नसते.

तोवर त्याने चार वाशांची टोके हाताच्या करवतीने पूर्ण केली होती. तिथे दीड-दोन मिलिमीटरचा पायरीसारखा उंचवटा राहिला. आपल्याकडचे जुने सुतार इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात. हा उंचवटा साधारण अर्ध्या सुताचा. दिसायला काहीच नाही. पण वाशाचे टोक आढ्याच्या फळीला सपाट टेकायला हवे. छपराचा भार त्या टेकण्यातून जातो. उंचवटा असला की टोक त्या एका ठिपक्यावर टेकते आणि बाकी फट राहते. ते चार वासे त्याने पुन्हा कापले, आणि त्यांची लांबी कमी झाली म्हणून ते मधल्या आधारांसाठी वापरावे लागले.

तर मग साधी लांब पट्टी का नको? ८०० मिलिमीटरचीही मिळते, स्वस्त पडते. इथे आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. आखूड पट्ट्यांवरचा २५० किंवा ४२० हा कापाचा आकडा आहे. साध्या पट्टीवरचा ८०० हा पट्टीच्याच लांबीचा आकडा आहे. त्यात काप किती बसेल ते आपण काढायचे. करवतीची बैठक समजा २७० मिलिमीटर लांब आहे. सुरुवातीला पाते फळीला लागण्याआधी बैठक पट्टीवर पूर्ण बसलेली हवी, आणि खालचा काप संपेपर्यंत ती बसलेलीच राहायला हवी. पाते सुरुवातीला केंद्रापासून ७० मिलिमीटर पुढे असलेल्या दातांनी लाकडाला शिवते. शेवटी केंद्र समोरच्या कडेच्या २२ मिलिमीटर अलीकडे असताना काप संपतो. म्हणजे केंद्राचा प्रवास कापाच्या लांबीपेक्षा ४८ ने जास्त. पट्टीची लांबी = काप + ४८ + २७०. आपल्या वाशासाठी २६० + ४८ + २७० = ५७८. ८०० ची पट्टी पुरते, बरीच उरते.

पण पुरणे म्हणजे चालणे नव्हे. ३८ मिलिमीटर जाडीची एकटी फळी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तिरकी ८०० ची पट्टी ठेवली, तर पट्टीला आधार मधल्या २६० मिलिमीटरचाच. दोन्ही टोके अधांतरी, प्रत्येकी २७०. सुरुवातीला साडेचार किलोची करवत आधाराच्या बाहेर ७० मिलिमीटरवर उभी आहे. पट्टी स्वतः फार तर किलोभर, तिचे वजन आधाराच्या कडेपासून आत १३० मिलिमीटरवर. हा सीसॉ आहे, आणि आठवीचा विद्यार्थीसुद्धा कुठली बाजू खाली जाईल ते सांगेल : ४.५ × ७० = ३१५ एका बाजूला, १ × १३० = १३० दुसऱ्या बाजूला. पट्टी उलटते. पात्याने लाकडाला शिवण्याच्या नेमक्या क्षणी करवत डोलणे याहून वाईट वेळ नाही. उपाय साधा आहे : त्याच जाडीची दुसरी फळी शेजारी लावा, म्हणजे आधार रुंद होतो, आणि पट्टी पकडीने घट्ट करा. पण ते बावन्न वेळा लावायचे, प्रत्येक वेळी कोन आखायचा, पट्टी रेघेवर आणायची. कोन एकदा लावून ठेवता येणारी आखूड पट्टी इथे जिंकते, ती लांबीमुळे नव्हे तर अडसरांमुळे.

साध्या पट्टीची खरी मौज वेगळ्या कामात आहे. भिंतीसाठी एकाच लांबीच्या अनेक उभ्या दांड्या लागतात. ८९ च्या पाच फळ्या आडव्या शेजारी-शेजारी मांडल्या की ४४५ मिलिमीटरचा चौथरा तयार होतो. एकदा पट्टी ठेवा, एकदा करवत चालवा, पाच दांड्या. सूत्राने पट्टी ४४५ + ४८ + २७० = ७६३; ८०० ची बरोबर पुरते. पट्टी समजा १ मिलिमीटर वाकडी ठेवली गेली, तर पाच दांड्यांत ती चूक वाटली जाते, लगतच्या दोघींत ०.२ मिलिमीटरचा फरक. भिंतीला तो चालतो.

अडसरांबद्दल मात्र सावध राहायला हवे. फळीच्या कडेला टेकणाऱ्या दोन बिंदूंत अंतर समजा ६० मिलिमीटर आहे, आणि त्यातल्या एकाखाली अर्धा मिलिमीटर भुसा अडकला. साठावर अर्धा, तर २६० च्या कापावर २.२ मिलिमीटर. तेच दोन बिंदू १५० अंतरावर असते तर चूक ०.९ वर आली असती. नकाशा काढताना लांब पायरेषा घ्यावी असे भूगोलाच्या शिक्षकांना माहीत असते. त्याचेच हे सुतारकामातले रूप. प्रत्येक कापाआधी हाताने कड पुसायची सवय इथे महागड्या हत्याराइतकीच कामी येते. पट्टी शून्यावर खरोखर काटकोनात कापते की नाही, ते गुण्या तपासतात तसेच तपासावे. आपले सुतार गुण्या फळीच्या कडेला लावून रेघ मारतात, मग तो पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारतात. दोन रेघा एकीवर एक पडल्या तर गुण्या खरा. पडल्या नाहीत तर त्यांच्यातले अंतर चुकीच्या दुप्पट असते, म्हणून चूक दिसते लवकर.

आणि हे सगळे करूनही लाकूड हे लाकूडच. पाच मीटरचा वासा मधोमध दहा मिलिमीटरने बाकदार असणे काही विशेष नाही. अशा वाशाची कड टोकापाशी किती कललेली असते? बाक पॅराबोलासारखा धरला तर टोकाचा उतार बाकाच्या चौपट भागिले लांबी : ४० भागिले ५०००, म्हणजे ०.००८. १८४ च्या रुंदीवर तो दीड मिलिमीटर होतो. अडसर त्या टोकापाशीच टेकतात, त्यामुळे ही चूक कापात सरळ उतरते. जाणते कारागीर म्हणून प्रत्येक वासा डोळ्याजवळ धरून बाक पाहतात आणि सगळ्यांचा बाक वरच्या बाजूला येईल असे लावतात. चूक तेवढीच राहते, पण सगळ्यांची एकाच दिशेने.

माझ्या सांगण्यावरून त्याने ४२० ची पट्टी घेतली. ६७० ची का नाही, असे त्याने विचारले होते. उत्तर त्याच्याच फळीत आहे. त्याच्याकडे १८४ हून रुंद काही नाही. ४२० त्याला चौसष्ट अंशांपर्यंत नेते. पुढची प्रत्येक जास्तीची वीतभर पट्टी फळीबाहेर लटकते, वजन वाढवते आणि आडोशाला अडकते.

वासे संपल्यावर तक्त्यांचे काम आले. तक्ता चार बाय आठ फूट, म्हणजे १२२० बाय २४४० मिलिमीटर. तो १८ जाड; पातळ असल्यामुळे वरच्या-खालच्या दातांतला फरक ४८ वरून ३२ वर येतो. आडवा काप : १२२० + ३२ + २७० = १५२२. बाजारात १४०० आणि १९०० च्या पट्ट्या मिळतात. १४०० ने भागते, पण सुरुवातीला किंवा शेवटी बैठकीचा काही भाग हवेत राहतो आणि तिथे काप किंचित वळतो. लांबीचा काप : २७४२. म्हणजे ३००० ची एक पट्टी, नाहीतर १४०० च्या दोन जोडून. त्याने दोन जोडल्या, कारण तीन मीटरची पट्टी त्याच्या गाडीत मावत नव्हती.

दोन पट्ट्या जोडल्या की त्या एका रेषेत आल्या का, हा प्रश्न येतो. त्याने अर्धी फूटपट्टी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला टेकवून पाहिली, फट दिसली नाही. समजा दुसऱ्या पट्टीवर फूटपट्टी २०० मिलिमीटर पुढे गेली होती आणि तिच्या टोकाशी ०.४ मिलिमीटरची फट होती, म्हणजे वहीच्या चार कागदांएवढी. घाईत ती सुटते. पण २०० ला ०.४, तर १४०० ला २.८. तपासणारी पट्टी जोडापलीकडे मीटरभर जाणारी असती तर फट दोन मिलिमीटरची दिसली असती आणि सुटली नसती. जे तपासायचे त्याच्या लांबीच्या जवळपास तपासणारे हत्यार हवे. मीटरभराची सरळ कड घरात नसेल तर तक्त्याचीच कारखान्यात कापलेली कड वापरावी. ती बहुधा बरी असते. किंवा आपल्या सुतारांसारखी ताणलेली दोरी.

२.८ मिलिमीटरने काय बिघडते? दोन तक्त्यांची जोडणी ३८ मिलिमीटर जाडीच्या दांडीवर होते. प्रत्येकाच्या वाट्याला १९. दोन तक्त्यांत तीन मिलिमीटरची फट ठेवायची असते, कारण दमट हवेत तक्ते फुगतात, राहिले साडेसतरा. खिळा तक्त्याच्या कडेपासून साधारण दहा मिलिमीटर आत मारायचा, म्हणजे दांडीच्या कडेपासून तो साडेसात मिलिमीटरवर जातो. तक्ता २.८ ने आखूड पडला की ते अंतर ४.७ उरते, आणि खिळा स्वतः तीन मिलिमीटर जाडीचा. तो लाकूड फोडून बाजूने बाहेर येऊ शकतो. वाऱ्याच्या आणि भूकंपाच्या धक्क्याला या भिंती उभ्या राहतात त्या तक्ता आणि दांडी यांना बांधणाऱ्या अशा शेकडो खिळ्यांमुळेच. भिंत मात्र रंगवल्यावर दोन्ही प्रकारची सारखीच दिसते.

त्याचा ताजा प्रश्न आता माझ्या टेबलावर आहे, आणि तो मी दहावीच्या मुलांना दिला आहे. छपराला एक खिडकी काढायची असल्याने एका वाशाचा काप ४५ अंशांनी तिरका तर हवाच, शिवाय पातेही ४५ अंशांत कलते करायचे आहे. पाते कलले की त्याला ३८ मिलिमीटरऐवजी ३८ गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे जवळजवळ ५४ मिलिमीटर लाकूड कापावे लागते. त्याचे पाते सरळ उभे असताना ५५ मिलिमीटर खाली जाते. कलल्यावर ते तेवढेच खाली जाईल का, आणि नाही गेले तर किती व्यासाचे पाते घ्यावे? मुलांनी अजून उत्तर दिलेले नाही. दोघीजणी पुठ्ठ्याची चकती कापत बसल्या आहेत.